आईचे विम्बल्डन आणि पॉइंट्सचा हिशेब

मध्यमवर्गीय मराठी घरात येणाऱ्या प्रत्येक रुपयावर, तो येण्याआधीच, कुणाचा ना कुणाचा हक्क लागलेला असतो. घराचा हप्ता, मुलांची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, गावाकडच्या घराची डागडुजी, नात्यातल्या लग्नाचा आहेर आणि एवढे होऊन जे उरेल त्याची आवर्ती ठेव किंवा एसआयपी, असा क्रम ठरलेला असतो. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो खरे, पण महिन्याच्या जमाखर्चात हौसेला एक ओळही मिळत नाही, आणि ती हौस घरातल्या वयस्कर बाईची असेल तर तिचा उच्चारही होत नाही. क्रेडिट कार्डावर जमणाऱ्या रिवॉर्ड पॉइंट्सकडे मी गंभीरपणे पाहू लागले ते या कारणासाठी. पॉइंट्सवर कुणाचा आधीचा हक्क नसतो. त्यांनी शाळेची फी भरता येत नाही, डॉक्टरांचे बिल देता येत नाही, आणि कार्डाच्या बिलात वळते करून घ्यायचे म्हटले तर बँक त्यांना जेमतेम किंमत देते. त्यामुळे जी इच्छा रोख पैशांसमोर कधीच उभी राहू शकली नसती, ती पॉइंट्सच्या खात्यात निर्धास्तपणे पहिल्या क्रमांकावर ठेवता येते. आमच्या घरात ती इच्छा आईची होती, आणि ती विम्बल्डनला जाण्याची होती.

आईने मिरजेच्या शाळेत वर्षानुवर्षे गणित शिकवले. तिने स्वतः रॅकेट कधी हातात धरली नाही, पण जुलैच्या सुरुवातीला आमच्या घराचे वेळापत्रक तिच्या टेनिसप्रमाणे चाले. महिलांची फायनल शनिवारी, लंडनच्या दुपारी दोन वाजता, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होई. त्याआधी कणीक भिजवून, भाजी चिरून, कुकरची तयारी करून ती टीव्हीसमोर बसे, आणि सामना संपेपर्यंत तिच्याकडे चहासुद्धा मागायचा नाही, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. १९८८ साली स्टेफी ग्राफने मार्टिना नवरातिलोव्हाला हरवले तेव्हापासून आई स्टेफीच्या बाजूची, पण तिच्या मनात कायमचे घर केले ते १९९३ च्या फायनलने. याना नोवोत्ना तिसऱ्या सेटमध्ये ४-१ अशी पुढे होती, आणखी एक गेम घेण्यापासून एका गुणावर होती, तिथे तिने डबल फॉल्ट केला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवल्या, आणि तिथून तिचा खेळ असा ढासळला की स्टेफीने सलग पाच गेम घेत सामना खिशात घातला. बक्षीस समारंभात नोवोत्नाने ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोके टेकवून अश्रूंना वाट करून दिली. १९९८ साली तीच नोवोत्ना नाताली तोझियाला हरवून विजेती झाली, तेव्हा स्टेफीची चाहती असूनही आईने घरात शिरा केला होता. ते सेंटर कोर्ट, म्हणजे फायनल होते ते मुख्य कोर्ट, एकदा प्रत्यक्ष पाहावे, एवढेच तिचे म्हणणे होते, आणि तेही ती टीव्हीकडे पाहत, कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणत असे.

अशा ठरावीक सोहळ्यासाठी पॉइंट्स वापरायचे असतील तर पहिल्यांदा हे नीट समजून घ्यावे लागते की पॉइंट्सनी काय मिळते आणि काय मिळत नाही. विम्बल्डनचे तिकीट हे याचे फार चांगले उदाहरण आहे. विम्बल्डन भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबने १९२४ पासून तिकिटांसाठी बॅलट, म्हणजे सोडत, ठेवली आहे. आधीच्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्यात नाव नोंदवता येते. सोडतीत नाव आले तर कोणता दिवस आणि कोणते कोर्ट हे क्लब ठरवतो, आपण नाही, आणि ते तिकीट दुसऱ्याला विकता किंवा देता येत नाही. डिबेंचरधारकांची, म्हणजे क्लबचे कर्जरोखे घेतलेल्यांची, तिकिटे तेवढी कायदेशीररीत्या खुल्या बाजारात विकली जातात, पण त्यांच्या किमती आमच्यासारख्यांनी विचारू नयेत अशा असतात. उरतो तो तिसरा मार्ग, ज्याला सगळे जग नुसते ‘द क्यू’ म्हणते. समोरच्या विम्बल्डन पार्कात रांगेत उभे राहायचे. सेंटर कोर्ट, एक नंबर आणि दोन नंबर कोर्ट यांची प्रत्येकी सुमारे ५०० तिकिटे रोज या रांगेसाठी राखलेली असतात (सेंटर कोर्टची शेवटचे काही दिवस सोडून), आणि त्याशिवाय ग्राउंड पास, म्हणजे आवारात आणि बाहेरच्या छोट्या कोर्टांवर जाण्याचे पास, हजारोंनी दिले जातात. आपल्या खिशात कोणते कार्ड आहे याचा त्या रांगेतल्या क्रमांकाशी काहीही संबंध नसतो. मला ही व्यवस्था मनापासून आवडते, कारण जगातल्या बहुतेक मोठ्या सोहळ्यांत आता असे राहिलेले नाही.

कार्डधारकांना सोहळ्याच्या दारात थेट मिळणाऱ्या सवलतींविषयी थोडक्यातच लिहिते. २०२२ साली अमेरिकेत टेलर स्विफ्टच्या एराज टूरची पूर्वविक्री कॅपिटल वनच्या कार्डधारकांसाठी स्वतंत्रपणे झाली होती. मॅरियट हॉटेलांच्या बॉनवॉयसारख्या योजनांत काही सामन्यांच्या आणि मैफिलींच्या जागांसाठी पॉइंट्सची बोली लावता येते. अमेरिकन एक्स्प्रेस २०१९ पासून विम्बल्डनची पेमेंट भागीदार आहे. हे सगळे असले तरी आपल्याकडच्या सामान्य कार्डधारकाच्या हाती यातून फार काही लागत नाही, असे माझे मत आहे. पॉइंट्सची खरी ताकद सोहळ्याच्या दारापर्यंत पोहोचवण्यात आहे. विमानाची जागा आणि रात्रीचे अंथरूण या दोन गोष्टी सोहळ्याच्या काळात सर्वांत महाग होतात, आणि नेमक्या त्याच पॉइंट्सनी मिळू शकतात.

मात्र त्या मिळवणे सोपे नसते, आणि त्याचे कारण या योजनांच्या जन्मातच आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली आपली मैलांची योजना (विमान कंपनीच्या पॉइंट्सना मैल म्हणतात) सुरू केली आणि पाठोपाठ बाकीच्या कंपन्या आल्या. ज्या जागा एरवी रिकाम्या गेल्या असत्या त्या नेहमीच्या प्रवाशांना बक्षीस म्हणून द्याव्यात आणि त्यांना आपल्याशी बांधून ठेवावे, हा त्यामागचा विचार होता. म्हणजे पॉइंट्सचा पिंडच मुळी रिकाम्या खुर्चीवर पोसलेला आहे, आणि सोहळ्याच्या आठवड्यात खुर्ची रिकामी नसते. जून-अखेरीला मुंबईहून लंडनला जाणारी विमाने भरलेली असतात. ज्याला नुसतेच लंडन पाहायचे आहे तो फेब्रुवारीत जाऊ शकतो. ज्याला विम्बल्डन पाहायचे आहे त्याला तारीख बदलता येत नाही. सवलतीची जागा कंपनीच्या सोयीने निघते, सोहळा त्याच्या तिथीला होतो, आणि या दोघांची गाठ घालून देणे हेच या सगळ्या खटाटोपातले खरे कौशल्य आहे.

ही गाठ दिनदर्शिकेवर घालावी लागते. बऱ्याच विमान कंपन्या पॉइंट्सच्या जागा सुमारे ३५५ दिवस आधी खुल्या करतात. २०२५ चे विम्बल्डन ३० जूनला सुरू झाले. त्यातून ३५५ दिवस मागे गेले की आपण २०२४ च्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचतो, म्हणजे २०२४ चे विम्बल्डन चालू असतानाच. आई टीव्हीवर त्या वर्षीचे सामने पाहत होती आणि मी शेजारी लॅपटॉप घेऊन पुढच्या वर्षीच्या जागा धुंडाळत होते, हे तिला बरेच दिवस माहीतही नव्हते. सोडतीचा निकाल लागल्यावर तिकीट काढू असे म्हणणाऱ्याला तोवर काहीच शिल्लक मिळत नाही. म्हणून क्रम उलटा ठेवावा लागतो: आधी विमानाची जागा धरायची, मग सोडतीत नाव घालायचे, आणि नाव नाही आले तर रांगेची तयारी ठेवायची. हे परवडते, कारण अनेक योजनांत पॉइंट्सवर काढलेले तिकीट थोडे शुल्क भरून रद्द करता येते आणि पॉइंट्स खात्यात परत येतात. रोख पैशांच्या स्वस्त तिकिटात ही मोकळीक क्वचितच असते. अनिश्चित सोहळ्यासाठी पॉइंट्स हे पैशांपेक्षा चांगले चलन आहे असे मी म्हणते ते यामुळे.

जाणे-येणे एकाच तिकिटात बसवण्याचा हट्ट सोडला की वाट आणखी मोकळी होते. पॉइंट्सचे एकेरी तिकीट बहुतेक योजनांत परतीच्या तिकिटाच्या निम्म्या पॉइंट्सना मिळते, त्यामुळे जाताना एक कंपनी आणि येताना दुसरी असे करता येते. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला जागा नसेल तर मँचेस्टर पाहावे. आखाती कंपन्यांची विमाने तिथे जातात, आणि तिथून लंडनच्या यूस्टन स्टेशनला आगगाडी दोन-सव्वादोन तासांत पोहोचवते. पॅरिस किंवा अॅमस्टरडॅमला उतरून पुढे जाण्याचा सल्ला परदेशी लोक सर्रास देतात, पण भारतीय पासपोर्ट असलेल्याला त्यासाठी शेंगेन व्हिसाचा वेगळा खर्च आणि वेगळी खटपट करावी लागते, तेव्हा तो आपल्या कामाचा नाही. आम्ही मँचेस्टरला उतरलो आणि परत हीथ्रोहून आलो. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारी हिरवी कुरणे आणि त्यांवरच्या मेंढ्या पाहून आई खूश झाली. थेट हीथ्रोला उतरलो असतो तर इंग्लंडचा हा भाग तिला दिसलाच नसता.

आता हे पॉइंट्स येतात कुठून, याविषयी. बाबांनी सगळी नोकरी सहकारी बँकेत केली, आणि क्रेडिट कार्ड म्हणजे हसत हसत घेतलेले कर्ज, असे त्यांचे म्हणणे होते. ते हयात असताना मी त्यांच्याशी यावर वाद घातला नाही, कारण त्यांचे म्हणणे मुळात खरे आहे. आपल्याकडे कार्डाच्या थकीत रकमेवर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के व्याज लागते, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. एक लाखाची थकबाकी एक महिना राहिली तर व्याज आणि कर मिळून चार हजारांहून अधिक जातात. त्याच एक लाखाच्या खर्चावर, अगदी चांगले कार्ड असले आणि पॉइंट्स अगदी हुशारीने वापरले तरी, दोन-तीन हजारांच्या वर किंमत क्वचित निघते. तेव्हा बिल पूर्ण आणि वेळेवर भरणे ही या विषयातली पहिली अट आहे, आणि ज्याला ती पाळणे जड जाते त्याने या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगते. दुसरी अट तितकीच महत्त्वाची: पॉइंट्स मिळावेत म्हणून एक रुपयाही जास्त खर्च करायचा नाही. जो किराणा, जे विजेचे बिल, जो आरोग्य विम्याचा हप्ता एरवी खात्यातून गेला असता, तोच कार्डावरून जावा, इतकेच. तेही कार्डागणिक पाहावे लागते, कारण भाडे, इंधन, वॉलेट आणि सरकारी भरणा यांवर बँका आता पॉइंट्स देत नाहीत किंवा त्यांना मर्यादा घालतात.

पॉइंट्सची किंमत काढण्याची रीत आईने मला शिकवली असे म्हटले तरी चालेल, कारण कशासाठी ते न सांगता मी एकदा हे गणित तिच्यापुढे ठेवले आणि तिने ते वहीच्या समासात मांडून दाखवले. समजा, एका तिकिटाची रोख किंमत ७०,००० रुपये आहे. तेच तिकीट ४०,००० मैलांना मिळते, पण कर आणि अधिभार म्हणून १८,००० रुपये रोख भरावे लागतात. तर मैलांनी वाचवले ते ५२,००० रुपये; भागिले ४०,०००; म्हणजे एका मैलाला एक रुपया तीस पैसे. बँकेच्या कॅटलॉगमधली ट्रॉली बॅग किंवा मिक्सर घेतला तर तोच पॉइंट बऱ्याचदा पंचवीस-तीस पैशांत खर्ची पडतो. एकास एक या प्रमाणात पॉइंट्सचे मैल होत असतील तर फरक चौपट-पाचपट पडतो. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: बँकेतून विमान कंपनीच्या योजनेत, मग ती सिंगापूर एअरलाइन्सची क्रिसफ्लायर असो, ब्रिटिश एअरवेजची एव्हिऑस नावाचे मैल देणारी योजना असो वा एअर इंडियाचा महाराजा क्लब, एकदा पाठवलेले पॉइंट्स परत येत नाहीत. जागा डोळ्यांनी दिसल्याशिवाय ते हलवू नयेत.

या हिशेबातला रोखीचा भाग लोक सांगायचे टाळतात, म्हणून तो मुद्दाम सांगते. ब्रिटनच्या विमानतळावरून निघताना एअर पॅसेंजर ड्यूटी लागते. ती अंतराप्रमाणे आणि वर्गाप्रमाणे बदलते, बिझनेस क्लासला इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त असते, आणि पॉइंट्सनी काढलेल्या तिकिटालाही चुकत नाही. काही कंपन्या त्यावर स्वतःचा अधिभारही लावतात. व्हिसाचे शुल्क रोखच द्यावे लागते, आणि व्हिसाच्या अर्जात पॉइंट्सची शिल्लक कुणी पाहत नाही. तिथे आईच्या पेन्शनचे खाते आणि माझी पगारपत्रकेच कामी आली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा परदेश प्रवासाचा वैद्यकीय विमा वेगळा घ्यावा लागतो. कार्डासोबत मिळणारा विमा बहुतेक वेळा विमान अपघातापुरता असतो, तो ताप, पडणे किंवा हॉस्पिटल यांसाठी नसतो. आणि परदेशात कार्ड वापरले की बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावरचे जादा शुल्क, आणि त्यावर जीएसटी लागतो, त्यामुळे ज्या कार्डाचा मार्कअप कमी तेच तिकडे न्यावे. एवढे सगळे धरूनही आमचा रोख खर्च एखाद्या नेहमीच्या टूर कंपनीच्या युरोप सहलीपेक्षा पुष्कळच कमी झाला.

राहण्याच्या बाबतीत सोहळा आणि पॉइंट्स यांचे गणित कधी आपल्या बाजूने, कधी विरुद्ध पडते. ज्या हॉटेल योजनांत पॉइंट्सचा दर रोख भाड्याबरोबर वर-खाली होतो, तिथे सोहळ्याच्या आठवड्यात काहीच फायदा राहत नाही. जिथे साध्या खोलीचा पॉइंट्समधला दर फारसा हलत नाही, तिथे मात्र याच आठवड्यात सर्वाधिक फायदा होतो. मॅरियटमध्ये पॉइंट्सवर सलग पाच रात्री घेतल्या तर एका रात्रीचे पॉइंट्स लागत नाहीत, हेही उपयोगी पडते. विम्बल्डन गावातच राहण्याची गरज नाही. स्पर्धेसाठी सर्वांत सोयीचे स्टेशन साउथफील्ड्स आहे, विम्बल्डन नव्हे, आणि ते डिस्ट्रिक्ट लाइनवर आहे. आम्ही अर्ल्स कोर्टच्या बाजूला राहिलो. तिथून गाडी बदलावी लागत नाही, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानात दही आणि केळी मिळत होती, जे आईच्या दृष्टीने हॉटेलच्या दर्जापेक्षा महत्त्वाचे होते.

हे सगळे जुळून आल्यावर आईला सांगायचे काम उरले होते, आणि मला वाटले होते त्याहून ते अवघड गेले. “अगं, एवढ्या पैशात गच्चीचे वॉटरप्रूफिंग होईल,” हे तिचे पहिले वाक्य होते. मी तिला पॉइंट्सचे खाते दाखवले. या पॉइंट्सनी वॉटरप्रूफिंग होत नाही, हे सांगितले. तिने चष्मा लावून तो आकडा पाहिला, वर्षभराच्या किराण्याशी आणि विम्याच्या हप्त्यांशी ताडून पाहिला, बिले वेळेवर भरली होतीस ना, असे दोनदा विचारले, आणि मग म्हणाली, “म्हणजे हे दुसऱ्या कशाला लागणारच नाहीत?” नाही म्हटल्यावर ती उठून आत गेली आणि कपाटातून पासपोर्ट घेऊन आली. स्वतःसाठी खर्च करायला न धजणाऱ्या बायकांची एक अख्खी पिढी आपल्या घराघरांत आहे. त्यांना पैसे देऊ केले तर त्या नाकारतात, भेटवस्तू दिली तर ती सुनेला किंवा नातीला देऊन टाकतात. ज्याचा दुसरा काही उपयोगच होणार नाही अशी गोष्ट पुढे केली, तेव्हा माझ्या आईला ती घेताना अपराधी वाटले नाही. मला या सगळ्या व्यवहारातून मिळालेली सर्वांत मोठी सवलत ही आहे, आणि ती कोणत्याही बँकेच्या माहितीपत्रकात नसते.

सोडतीत आमचे नाव आले नाही. पहिल्या आठवड्यातल्या एका सकाळी, पहिल्या गाड्यांपैकी एकीने आम्ही साउथफील्ड्सला उतरलो. उजाडून बराच वेळ झाला होता, पार्कातले गवत दवाने ओले होते, आणि रात्रभर तंबूत झोपलेली तरुण मंडळी तंबू गुंडाळत होती. रांगेच्या टोकाला स्टुअर्डने, म्हणजे व्यवस्था पाहणाऱ्या कार्यकर्त्याने, प्रत्येकीच्या हातात क्रमांक छापलेले क्यू-कार्ड दिले. ते कार्ड म्हणजेच आपली जागा. स्वच्छतागृहाला किंवा चहाला जायचे असेल तर जाता येते, पण अर्ध्या तासात परतायचे, असा नियम आहे आणि सगळे तो पाळतात. आईने घरून आणलेली चटई अंथरली, डब्यातले मेथीचे ठेपले काढले, आणि शेजारच्या स्कॉटिश आजींना त्यातला एक दिला. त्या आजी कित्येक वर्षांपासून रांगेतूनच येत होत्या. त्यांना १९९३ ची फायनल आठवत होती. त्यानंतर त्या दोघी जे बोलत बसल्या त्यात माझी गरज उरली नाही. आईचे इंग्रजी शाळेतल्या पाठ्यपुस्तकासारखे सावकाश आहे, पण नोवोत्नाच्या त्या डबल फॉल्टविषयी बोलायला तेवढे पुरले.

ग्राउंड पासवर आत गेल्यावर कळते की टीव्हीवर दिसते ते विम्बल्डनचे फार थोडे रूप आहे. बाहेरच्या छोट्या कोर्टांवर खेळाडू हातभर अंतरावर असतो. सर्व्हिसचा आवाज छातीत बसतो, चेंडू गवतावरून घसरत किती खाली राहतो ते दिसते. ते गवत २००१ पासून पूर्णपणे राय जातीचे आहे आणि आठ मिलिमीटरवर कापलेले असते. आईने वाकून, स्टुअर्डची नजर चुकवल्यासारखे करत, कोर्टाबाहेरच्या कडेच्या हिरवळीला हात लावून पाहिला. रेषेवरचे पंच मात्र २०२५ पासून नाहीत. १४७ वर्षांची ती प्रथा संपून आता यंत्रच आउट पुकारते, आणि आईला ते मुळीच रुचले नाही. स्ट्रॉबेरी आणि क्रीमची वाटी २०१० पासून २०२४ पर्यंत अडीच पौंडांना होती, २०२५ मध्ये ती दोन पौंड सत्तर पेन्सची झाली. आमच्या जगातल्या इतर कोणत्याही खाद्यपदार्थाचा भाव इतकी वर्षे स्थिर राहिलेला आईला आठवेना.

अठरा नंबर कोर्टाच्या भिंतीवर एक पाटी आहे. २०१० साली जॉन इस्नर आणि निकोला मायू यांचा सामना याच कोर्टावर तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटे चालला. शेवटचा सेट ७०-६८. पाटीसमोर उभे राहून आईने पाचही सेटचे गेम मनात मांडायला सुरुवात केली: ६-४, ३-६, ६-७, ७-६, ७०-६८. एकूण १८३. तिने उत्तर सांगितले आणि शेजारी उभ्या असलेल्या एका शाळकरी मुलाने फोनवर तपासून ते बरोबर असल्याचे जाहीर केले. २०२२ पासून शेवटच्या सेटमध्ये ६-६ झाले की दहा गुणांचा टायब्रेक होतो, त्यामुळे असा सामना आता होणार नाही, हे मी तिला सांगितले तेव्हा तिने पाटी पुन्हा एकदा सावकाश वाचली.

सेंटर कोर्टसाठी विम्बल्डनमध्ये एक फार सुंदर सोय आहे, आणि ती कार्डाच्या कोणत्याही वरच्या श्रेणीपेक्षा मोलाची आहे. दुपारनंतर जे प्रेक्षक लवकर निघतात त्यांची मोठ्या कोर्टांची तिकिटे परत घेऊन, टेकडीच्या वरच्या बाजूला, ग्राउंड पास असलेल्यांना पुन्हा विकली जातात. सेंटर कोर्टचे तिकीट १५ पौंडांना, बाकीच्या मोठ्या कोर्टांचे १० पौंडांना, आणि ती रक्कम विम्बल्डन फाउंडेशनमार्फत सेवाकार्याला जाते. रांग आता फोनवरच्या अॅपमध्ये लावता येते, त्यामुळे वयस्कर माणसाला तिष्ठत उभे राहावे लागत नाही. संध्याकाळी आमचा क्रमांक आला. छताखालच्या त्या जिन्यावरून वर येऊन कोर्ट समोर दिसले, तेव्हा आई काही क्षण पायरीवरच थांबली आणि मागच्यांना वाट द्यायला मला तिचा हात धरून तिला बाजूला घ्यावे लागले. बसल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा की १९९३ मध्ये डचेस नेमकी कुठे उभी होती. रॉयल बॉक्सची जागा पाहून तिने अंतराचा अंदाज घेतला, आणि मग सामना संपेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

पॉइंट्स साठवून ठेवण्याविषयी माझे मत या प्रवासानंतर अधिक ठाम झाले आहे. अनेक कार्डांचे पॉइंट्स दोन-तीन वर्षांत बाद होतात, आणि जे बाद होत नाहीत त्यांची किंमत बँका आणि विमान कंपन्या अधूनमधून कमी करत राहतात. रूपांतराचे प्रमाण बदलते, वर्षाला किती पॉइंट्स पाठवता येतील यावर मर्यादा येते, विमानतळावरच्या लाउंजमध्ये प्रवेश मिळण्यासाठी आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च झालेला असावा अशी अट लागते. पॉइंट्सवर व्याज मिळत नाही. मोठे व्हावे म्हणून ते दडपून ठेवणाऱ्याला शेवटी कमीच मिळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्याला ज्यांना कुठे न्यायचे आहे त्यांचे गुडघे कुणासाठी थांबत नाहीत. कार्ड कोणते घ्यावे असे मला विचारणाऱ्यांना मी आधी विचारते की कुणाला, कुठे, कोणत्या महिन्यात न्यायचे आहे. ते ठरले की किती पॉइंट्स लागतील ते ठरते, आणि मग कोणते कार्ड घ्यावे हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. सोहळा न ठरवता नुसतेच पॉइंट्स जमवणारे पुष्कळ जण मला भेटतात, आणि त्यांतले बहुतेक शेवटी ट्रॉली बॅग घेतात.

सध्या आईने ऑस्ट्रेलियन ओपनचा विषय काढला आहे. ती स्पर्धा मेलबर्नच्या सध्याच्या संकुलात १९८८ साली पहिल्यांदा झाली आणि तेव्हाही स्टेफीच जिंकली होती, हे तिने मला आठवून दिले. तिथे सोडत नाही. ग्राउंड पास सरळ ऑनलाइन मिळतो, त्यामुळे तिकिटाची काळजी नाही. अडचण जागांची आहे, कारण जानेवारीत तिकडे शाळांच्या उन्हाळी सुट्ट्या असतात आणि विमाने भरलेली असतात. सिंगापूरमार्गे जाताना मेलबर्न नाही मिळाले तर अॅडलेड पाहावे, असे मी ठरवले आहे. तिकडचे ऊन चाळिशी गाठते, म्हणून आईने संध्याकाळच्या सत्राची अट घातली आहे, आणि जागा खुल्या होण्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर चतुर्थीच्या खुणेशेजारी पेन्सिलने लिहून ठेवली आहे.